विंच कोणती घ्यावी? (जुनी थार, कोकण, पावसाच्या आत)

सड्यावरचा · १८ एप्रिल, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. विंचबद्दल, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या, गाडीच्या नाकावर बसवायच्या यंत्राबद्दल सल्ला हवाय.

गाडी जुनी थार, सीआरडीई, फोर बाय फोर. घर गुहागर तालुक्यात सड्यावर. कलमांची बाग घरापासून दीड किलोमीटरवर. मधली पाणंद मे अखेरपर्यंत रस्ता असते, नंतर लाल रेंदा. गेल्या पावसात तीनदा रुतलो, त्यातल्या एकदा गाडी रात्रभर तिथेच सोडून चालत घरी आलो. दुसरं कारण म्हणजे घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दर शनिवारी कुणी ना कुणी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालतं आणि फोन मला येतो, जसा काही मी क्रेनवालाच.

९५०० पौंड ओढणारी घ्यावी की १२०००? दुकानदार म्हणतो मोठीच घ्या, नंतर हळहळाल. वायररोप की सिंथेटिक दोर? बॅटरी बदलावी लागेल का? बसवणावळीसकट साठ हजारांच्या वर जायचं नाही.

घाटवाट · १८ एप्रिल, रात्री १०.०५

१२०००. डोळे झाकून. माझ्याकडे तीच आहे, दोन वर्षं ताम्हिणीच्या आजूबाजूला वापरतोय, कधी नाही म्हणाली नाही. दोर सिंथेटिक टाका.

खारा_वारा · १८ एप्रिल, रात्री ११.२०

"तुका व्हया काय ता आधी ठरव, मगे बाजारात जा," असं आमचे आजोबा म्हणायचे. ते होडीच्या इंजिनाबद्दल म्हणायचे, पण इथेही चालेल.

घाटवाट, तुमची विंच घाटमाथ्यावर म्हातारी होईल. आमच्याकडे ती म्हातारी व्हायच्या आधीच गंजून मरते. मी मालवणचा. पाच वर्षांपूर्वी हौसेने विंच बसवली. दोन वर्षांत उणीपुरी चार वेळा ओढली. तिसऱ्या पावसात खरी गरज लागली, बटण दाबलं तर फक्त टिक-टिक. उतरवून उघडली: मोटरचे ब्रश खाचेत अडकलेले, सोलेनॉइडचे (मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचचे) स्क्रू हिरवेगार, क्लचचा दांडा तर हातोडीने ठोकल्यावर हलला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धा दोष माझाच. पुळणीवरून आल्यावर कधी गोडं पाणी मारलं नव्हतं.

खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी पाणी शिरत नाही. ही चाचणी नव्या कोऱ्या विंचची, गोड्या पाण्यात. तीन वर्षं खारा वारा खाल्लेल्या रबरी सीलबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

ताळेबंद · १९ एप्रिल, सकाळी ७.४०

आधी आकडेमोड करू, मग दुकानदाराकडे बघू.

सगळीकडे चालणारा ठोकताळा असा: गाडीचं भरलेलं वजन गुणिले दीड. तुमची थार, चार माणसं, सामान, डिझेल धरून सव्वादोन टन समजू. दीडपट केलं की ३३७५ किलो, म्हणजे ७४५० पौंडांच्या आसपास. ८००० पौंडी (३६३० किलो) पुरते. ९५०० (४३०० किलो) घेतली तर हात सैल राहतो. १२००० म्हणजे ५४४० किलो. एवढी ओढ तुमच्या चासीच्या पुढच्या टोकाला सोसेल का, हा प्रश्न आधी विचारा. जिम्नीवाले कुणी वाचत असतील तर त्यांची गाडी भरून १५४५ किलो, त्यांना ६००० पौंडीसुद्धा भरपूर. वॉर्न कंपनीची ती नावाजलेली उभी विंच, ८२७४, तिच्या नावातच आठ हजार पौंड आणि १९७४ साल आहे. तेव्हापासून माणसं आठ हजारांवर जीपा ओढत आलीत.

दीडपटच का? लष्करी रिकव्हरीत एक जुना हिशेब आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर त्याची भर वेगळी. म्हणजे दीडपटीत चाकं रुतलेली गाडी थोड्या चढावर निघते. मडगार्डपर्यंत गेली तर एकेरी दोराने नाही निघायची, तिथे कप्पी लावून दोर दुहेरी करायचा.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट. खोक्यावरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर असताना. थर वाढला की ड्रमचा घेर वाढतो आणि दर थराला दहा-बारा टक्के ताकद उतरते. चौथ्या थरावर ९५०० वाली तीन टनांवर येते. झाड सात-आठ मीटरवर असेल आणि तुम्ही एकेरी ओढत असाल, तर मोठ्या विंचचे पैसे देऊन तुम्ही लहान विंच वापरताय.

घाटवाट · १९ एप्रिल, सकाळी ९.१५

हे थराचं माहीत नव्हतं. तरी माझी १२०००च.

वायरमन · १९ एप्रिल, दुपारी १.३०

बॅटरीबद्दल. पूर्ण ताणावर अशी विंच चारशेच्या घरात अँपिअर खाते. अल्टरनेटर शंभरच्या आसपास देतो, बाकीचे बॅटरीतून जातात. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, रेस थोडी वर, आणि एका दमात मिनिटभराच्या वर ओढायचं नाही. मोटरला हात लावून बघा. धरवत नसेल तर चहा प्या. बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर लगेच बदलायची गरज नाही, पण पाच वर्षांची थकलेली बॅटरी विंचखाली पहिल्याच दिवशी बसते.

मोटर दोन तऱ्हेच्या. पर्मनंट मॅग्नेटवाली स्वस्त, करंट कमी खाते, पण लवकर तापते आणि तापली की ढेपाळते. सीरीज वाउंड करंट जास्त घेते पण जड ओढीला टिकते. चिखलात वारंवार वापरणार असाल तर सीरीज वाउंड.

आणि वायरी थेट बॅटरीवर, मध्ये हातात येईल असा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच. तो नसेल आणि सोलेनॉइड चिकटला तर बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते. हे एकदा पाहिलंय. ज्याची गाडी होती त्याने पकडीने बॅटरीची तार उपटली, तेव्हा थांबली.

कप्पीवाला · १९ एप्रिल, रात्री ८.५५

सगळं वाचलं. पौंड झाले, अँपिअर झाले. माझा एकच प्रश्न आहे. बांधणार कशाला?

मी हर्णैकडचा, घरात तीन पिढ्या होड्या. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याच्या आधी होड्या वर काढून शाकारायच्या. लहानपणी ओंडके आणि माणसं, नंतर दोर आणि कप्प्या. यात शिकलो ते एवढंच: ओढणारं यंत्र लहान असलं तर वेळ लागतो, पण ज्याला बांधलंय ते कच्चं असलं तर होडी जागची हलत नाही आणि वर कुणाचा तरी पाय मोडतो. विंच स्वतः काही ओढत नाही. ती दोन टोकं जवळ आणते, आणि त्यातलं जे हलकं असेल ते सरकतं.

आता कोकणात बघा काय मिळतं.

पुळणीवर सुरूची झाडं. वाळूतली, पुष्कळदा सामाजिक वनीकरणातली, मांडीएवढी. एकट्या सुरूला सव्वादोन टनी गाडी बांधू नका. दोन झाडांना रुंद पट्टा घालून मध्ये शॅकल (खिळीची लोखंडी कडी) लावा. दोन बाजूंमधला कोन जितका कमी तितकं बरं. तो १२० अंश झाला की प्रत्येक झाडाला पूर्ण ओढ बसते, म्हणजे दोन झाडं घेऊन काहीच मिळवलं नाही.

माड दिसायला खांबासारखा, पण त्याला सोटमूळ नाही, सगळी तंतुमुळं. ताजा पाऊस पडलेला असताना तिरप्या माडाला तर नाहीच. आणि माड कुणाचा आहे ते आधी विचारा. काजूचं झाड ठिसूळ. आंबा चांगला, पण बुंध्याला, जमिनीलगत, आणि पट्टा लावून. नागडी तार लावली तर साल कातरली जाते. ऐन, किंजळ मिळाला तर देव पावला.

सडा म्हणजे कातळ. तिथे झाड नाही आणि पहार ठोकायची तर हात झिणझिणतात. आणि खाजणात काहीच नाही, फक्त चिखल आणि बगळे.

सड्यावरचे, गेल्या पावसात तुम्ही काय बांधलंत ते सांगा, मग विंचचं बोलू.

सड्यावरचा · १९ एप्रिल, रात्री ९.३०

काका, तो विषय नका काढू.

कप्पीवाला · १९ एप्रिल, रात्री ९.३४

काढला.

सड्यावरचा · १९ एप्रिल, रात्री १०.४८

बरं, सांगतो. जुलैमध्ये तिसऱ्यांदा अडकलो तेव्हा चिपळूणहून मित्र त्याची गाडी घेऊन आला, ९५०० पौंडी विंचवाली. त्याचीही गाडी निसरड्यावर, म्हणून म्हटलं मागून तिला कशाला तरी बांधू. जवळ झाड नव्हतं. चुलतभावाचा दगडी गडगा होता. मी जन्मल्यापासून तो गडगा तिथे आहे, वाटलं त्याला काय होणार. दोर फिरवून घेतला, मित्राने बटण दाबलं. माझी थार तसूभर हलली नाही. त्याची गाडी हळूहळू पुढे सरकली आणि गडगा तिच्या मागोमाग आला. बारा-पंधरा फूट.

चुलतभाऊ छत्री घेऊन बांधावर उभा होता. काही बोलला नाही. न बोलणं जास्त वाईट असतं.

खारा_वारा · १९ एप्रिल, रात्री १०.५५

विंच राहू दे, वकील घे आधी 😄

चिरेखाण · २० एप्रिल, सकाळी ६.५०

गडगा सुके दगड रचून केलेला असतो, त्यात सिमेंट नाही, चुना नाही. उभा भार घेतो, आडवी ओढ नाही.

मी खाणीवर टिरफोर वापरतो, त्याबद्दल लिहितो. हाताने चालवायचं यंत्र. आत दोन जबडे, आळीपाळीने तार धरतात. दांडा पुढे-मागे केला की तार दोनेक इंच सरकते. वीज नाही, मोटर नाही, खाऱ्या हवेत मरायला काही नाही. तेल पाजत राहा, बस. जास्त ताण आला तर दांड्याची पिन तुटते, तार तुटत नाही. सुट्या पिना दांड्यातच ठेवायच्या. तिथे खिळा घालणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब उभे राहा.

दीड टनी यंत्र विसेक किलोचं आणि तिला कप्पी लावली की तीन टनांच्या जवळपास ओढ. थारला पुष्कळ. मुख्य फायदा वेगळाच. गाडीच्या नाकावरची विंच फक्त पुढे ओढते. पाणंदीत माणूस पुढे जाताना अडकतो, म्हणजे पुढे आणखी चिखल असतो आणि मागे तो आलेला चांगला रस्ता. तुम्हाला निघायचं असतं मागे. टिरफोर कुठल्याही बाजूला लागते.

तोटा: घाम. रुतलेली थार दहा मीटर ओढायची म्हणजे सकाळचा नाश्ता जिरतो.

ताळेबंद · २० एप्रिल, सकाळी ८.२०

कप्पीबद्दल एक सावधगिरी. कप्पी लावली की झाडावरची ओढ दुप्पट होते, तेव्हा पट्टा आणि शॅकल त्या हिशेबाने घ्या.

कप्पीवाला · २० एप्रिल, दुपारी २.१०

ताळेबंद, थोडं थांबा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कप्पी झाडाला आणि दोर परत आपल्याच गाडीला आणून अडकवला, तर चिखल जेवढा अडवतो तेवढीच ओढ झाडावर येते, एकेरीत यायची तेवढीच. विंचवर निम्मी येते आणि वेग निम्मा होतो. झाडाचं ओझं वाढत नाही. पण जोर लावायची तुमची ऐपत दुप्पट झालेली असते, म्हणून अडेलतट्टूपणे बटण दाबत राहिलात तर झाडाला दुप्पट सोसावं लागेल, हे खरं.

दुसरी गोष्ट, कप्पी फक्त दिशा बदलायला लावली. म्हणजे तुम्ही रस्त्यावर, झाड कोपऱ्यावर, अडकलेली गाडी आडव्या पाणंदीत. दोर काटकोनात वळला तर झाडावर साधारण दीडपट येते, उलटा फिरून समांतर आला तर सरळ दुप्पट. इथे झाडं उपटतात.

शॅकलवर भार कोरलेला असतो, तो वाचून घ्या. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन असतं. बाजारात काहीच न कोरलेले चकाकणारे शॅकल मिळतात, ते कुंपणाच्या फाटकाला लावा.

ताळेबंद · २० एप्रिल, दुपारी २.३०

मान्य. मी दोन्ही एकत्र केलं होतं.

पुळणीवरची · २० एप्रिल, संध्याकाळी ६.१५

विषयाला सोडून आहे असं वाटेल, पण नाही. पुळणीवरच्या गाड्या ओढायला विंच घ्यायची हे कारणच मला पटत नाही. मी कासवांच्या घरट्यांच्या कामात हंगामी मदत करते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्लेच नाही, गुहागरच्या किनाऱ्यावरही. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. त्यावरून गाडी गेली तर वाळू दबते आणि पिल्लं वर येऊ शकत नाहीत. वर आलेली पिल्लं टायरच्या चरात पडून तिथेच फिरत राहतात, सकाळी कावळे येतात. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, गुन्हेही नोंदवले जातात. तुम्ही फुकट ओढून देता म्हणून पुढचा येतो.

सड्यावरचा · २० एप्रिल, रात्री ९.००

ताई, बरोबर आहे. मी पाहुण्यांना आल्या आल्या सांगतो, गाडी वाळूत नाही. ते मान डोलावतात आणि संध्याकाळी फोन येतो. पण लेकरंबाळं गाडीत आणि भरती वर येतेय म्हटल्यावर जावंच लागतं. आणि इंजिनातलं तेल समुद्रात सांडलं तर कासवांचं तरी काय भलं?

पुळणीवरची · २० एप्रिल, रात्री ९.२५

तेही खरं. पण निदान अडवणारी पाटी तरी लावा दारात, मोठ्या अक्षरांत.

कप्पीवाला · २१ एप्रिल, सकाळी ७.०५

वाळूत ओढायचं झालं तर चार गोष्टी, सगळ्या विंचच्या आधीच्या.

घड्याळ बघा. तिथी गुणिले तीन भागिले चार, येईल तो भरतीचा साधारण तास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सवासहा तासांनी सुकती. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही हे येतं आणि लाखोंची गाडी घेऊन आलेल्याला येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या खूप वर येतं. विंच ताणावर मिनिटाला दीड-दोन मीटर ओढते, भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

हवा काढा. १५ ते १८ पीएसआय. दहातल्या सहा गाड्या एवढ्यानेच निघतात. चाकापुढची वाळू हाताने उपसा आणि माडाची झापं सारा. विकतचे प्लास्टिकचे बोर्ड छान असतात, पण झापं फुकट असतात.

तरी नाही निघाली तर नांगर. हो, होडीचा. वाळूत नांगर धरतो, त्याचसाठी तो केलेला आहे. अट एक: दोर लांब आणि जमिनीलगत, वरून ओढला तर उपटतो. नांगर नसेल तर स्टेपनी पुरा. दोन-अडीच फूट खोल, ओढीच्या दिशेला आडवी उभी करून, आणि दोरासाठी पुढे उतरता चर काढा. चर नाही काढला तर दोर चाकाला वर उचलतो आणि सगळी मेहनत वाया. फावडं गाडीत हवं. पन्नास हजारांची विंच आणि फावडं नाही अशा गाड्या मी पाहिल्यात.

आणि स्वतःची गाडी ही वाळूवरची घसरगाडी आहे हे लक्षात ठेवा. तुमच्यापेक्षा जड गाडी ओढायला गेलात तर तुम्हीच तिच्याकडे जाता. मागून बांधून घ्या. गडगा सोडून कशालाही.

खारा_वारा · २१ एप्रिल, सकाळी ९.४०

शेवटचं वाक्य फ्रेम करून घ्या.

दोराबद्दल माझं मत, कारण त्यावर कुणी नीट लिहिलं नाही. वायररोप खाऱ्या हवेत आतून गंजतो. वरून तेलकट दिसतो, आतली तार काळी भुकटी झालेली असते. तुटलेल्या तारेची कुसं हाताला फाडतात, कातडी हातमोजे हवेतच. तुटला तर सापासारखा येतो. ओढताना मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड सतरंजी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीएवढं लांब हाकला. कोकणात बघे फुकट आणि मुबलक.

सिंथेटिक हलका, गंजत नाही, पाण्यावर तरंगतो, तुटला तर त्यामानाने मुकाट पडतो. पण त्याचे शत्रू आपल्याकडेच राहतात: ऊन आणि वाळू. वाळूचे कण विणीत शिरतात आणि आतून धागे कापत राहतात. पुळणीवरून आल्यावर पूर्ण दोर काढून गोड्या पाण्याच्या टपात चोळून धुवा, सावलीत वाळवा. जांभ्याच्या धारेवर घासला तर चिऱ्याचा रंधा होतो, तिथे जाड नळीची बाही घाला. काही विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. दोर सोडत ओझं उतरवलं की ड्रम तापतो आणि आतला थर वितळायला लागतो. दोर बदललात तर तो बाहेर येतो ते पुढचं तोंडही बदला. वायररोपला रोलर, सिंथेटिकला गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचं. वायररोपने खरवडलेल्या रोलरवरून सिंथेटिक ओढला तर पहिल्याच दिवशी लोकर निघते.

माझी दुसरी विंच सिंथेटिकवाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेर काढतो, थोड्या ताणावर परत गुंडाळतो. टर्मिनलला ग्रीस. चालतेय.

काळा_कोट · २१ एप्रिल, रात्री ८.००

वकिलाची आठवण काढलीत म्हणून आलो. गडग्याबद्दल नंतर.

विंचसाठी लोखंडी बंपर बसवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळेच लावतात" हा बचाव चालत नाही. पुढे एअरबॅग असलेल्या गाडीला लोखंडी बंपर लावणं तर कायदा बाजूला ठेवला तरी मूर्खपणाच, कारण धक्का सेन्सरपर्यंत कसा पोचेल हे कुणी तपासलेलं नसतं. विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं ते वेगळंच.

घाटवाट · २१ एप्रिल, रात्री ८.२०

आमच्याकडे कुणी विचारत नाही.

काळा_कोट · २१ एप्रिल, रात्री ८.२२

विचारतील तेव्हा माझा नंबर मागू नका.

सड्यावरचा · २३ एप्रिल, रात्री १०.१०

दोन दिवस वहीत हिशेब करत होतो. बागेत निघायचं असतं मागे. पुळणीवर बांधायला झाड नाही. बंपर बसवला तर आरटीओ. आणि वर्षात वापर दहा वेळा. दुकानदाराला फोन करून १२००० वाली रद्द केली, तो अजून रागावलेला आहे.

घेतलं ते असं: जुनी दीड टनी टिरफोर, एका ठेकेदाराकडून, वीस मीटर तारेसकट. एक कप्पी. झाडाला लावायचे तीन इंची दोन पट्टे. शॅकल चार, कोरलेले. सात मीटर साखळी. फावडं. सगळं मिळून विजेच्या विंचच्या निम्म्यात. उरलेल्या पैशांत टायर बदलतोय, कारण मेकॅनिक म्हणाला, "या गुळगुळीत टायरवर विंच लावणं म्हणजे चप्पल फाटकी आणि काठी चांदीची."

ताळेबंद · २३ एप्रिल, रात्री १०.३०

मेकॅनिकला इथे सभासद करून घ्या.

सड्यावरचा · ६ जुलै, दुपारी ४.४०

धागा वर काढतोय. काल मुहूर्त लागला.

बागेच्या अलीकडच्या वळणावर डावी दोन्ही चाकं चरात, मागचा एक्सल टेकलेला. एकटा होतो, गड्याला बोलावलं. मागे सोळा-सतरा मीटरवर किंजळ आहे, हे एप्रिलमध्येच पावलं मोजून ठेवलं होतं. कप्पी लावली की वीस मीटर तार दहा मीटरच पोचते, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. उरलेलं अंतर साखळीने भरलं, म्हणून वाचलो. ज्यांना घ्यायचीय त्यांनी तार तीस मीटर घ्या.

तार ताणल्यावर वर ओलं गोणपाट. आधी चाकामागचा चिखल फावड्याने काढला, अर्धं काम तिथेच झालं. मग दांडा. पहिल्या दहा मिनिटांत गाडी काही हलेना, फक्त तार गायला लागली. मग टेकलेल्या एक्सलखालचं आणखी उपसलं आणि ती एकदम फूटभर आली. पन्नास मिनिटांत बाहेर. गडी आणि मी आळीपाळीने. एक पिन तुटली, ती माझ्या अधीरपणामुळे. आज दोन्ही दंड उचलत नाहीत, शर्ट घालायला बायकोने मदत केली. पट्टा काढल्यावर किंजळाच्या सालीवर नुसता ओला डाग होता.

पुळणीवर या हंगामात तीन गाड्या काढल्या. दोन नुसती हवा काढून, एक होडीच्या नांगरावर. दारात पाटी लावली आहे. ती वाचून एकाने विचारलं, "मग गाडी कुठून उतरवायची?"

कप्पीवाला · ६ जुलै, संध्याकाळी ७.१५

शाब्बास. तार धुवून तेल पाजलंत का?

सड्यावरचा · ६ जुलै, संध्याकाळी ७.४०

आज सकाळी. अंगणात पसरली होती, आई म्हणाली कपडे वाळत घालायला बरी आहे.

खारा_वारा · ६ जुलै, रात्री ८.०५

आणि गडगा?

सड्यावरचा · ६ जुलै, रात्री ८.३०

दगड आणून टाकलेत, माणूसही ठरवलाय. पण चुलतभाऊ म्हणतो आधी सरकारी मोजणी, मग गडगा, कारण मूळचा गडगाच माझ्या आजोबांनी दीड फूट सरकवून घातला होता म्हणे. मोजणीचा अर्ज गेलाय. तोवर त्याच्या म्हशी माझ्या बागेत.